रोज एक शिलिंग

या दिनक्रमातल्या माणसाला मी नाव दिलेलं नाही, कारण तो कोणी एक माणूस नाही. क्लॅप्टन ओरिएंट या पूर्व लंडनमधल्या क्लबचा तो खेळाडू, एवढं धरून चालू. क्लब फुटबॉल लीगच्या सेकंड डिव्हिजनमधला. तिथे खेळणाऱ्याला गल्लीत मान असतो आणि गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही. या एका क्लबमधून खेळाडू आणि इतर माणसं मिळून 41 जण पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती झाले. त्यांतले दहा तर 15 डिसेंबर 1914 रोजी फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये, पलटण उभी करण्याची सभा झाली त्याच दिवशी. कप्तान फ्रेड पार्कर पुढे झाला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. पलटणीचं कागदोपत्री नाव 17वी मिडलसेक्स. लोक म्हणायचे फुटबॉल बटालियन.

दिवस मार्च 1916मधला, कोणताही. जागा उत्तर फ्रान्समधला लेन्सजवळचा कोळसाखाणींचा मुलूख. सपाट जमीन, खाणीतून उपसलेल्या मातीदगडांचे काळे ढिगारे, मध्येच पडकी कामगारवस्ती. पलटण नोव्हेंबर 1915मध्ये फ्रान्सला उतरली, त्याला चारेक महिने झालेत. नवेपणा ओसरला आहे आणि सोमची मोठी लढाई अजून पुढे आहे.

पहाटे पाच

सार्जंट खंदकातून वाकून येतो आणि एकेकाचा खांदा हलवतो. 'स्टँड-टू.' उजाडायच्या आधी तासभर आणि मावळल्यावर तासभर, सगळ्यांनी संगीन चढवून पुढच्या भिंतीलगतच्या पायरीवर उभं राहायचं, असा नियम. हल्ला झाला तर संधिप्रकाशातच होणार, हा त्यामागचा हिशेब. शत्रूचाही हिशेब तोच असल्याने दोन्ही बाजूंची हजारो माणसं रोज एकाच वेळी एकमेकांची वाट बघत थंडीत कुडकुडत उभी राहतात आणि बहुतेक दिवशी कोणीच येत नाही. कुठूनतरी मशीनगनची एक फैर झडते, तिला उत्तर मिळतं, आणि हजेरी लागल्यासारखं सगळं थांबतं.

आपल्या गड्याच्या डोक्यावर बहुधा कापडी टोपीच आहे. लोखंडी शिरस्त्राणं येऊ लागलीत, पण सगळ्यांना पुरतील इतकी नाहीत. अंगावरचा ओव्हरकोट चिखलाने जड झालाय. डावीकडे उभा आहे तो कोणी फुटबॉलपटू नव्हे. शनिवारी सहा पेन्स मोजून मिलफील्ड्स रोडच्या मैदानात ओरडायला येणारा प्रेक्षक. खेळाडूंसोबत खेळाच्या चाहत्यांनाही भरतीचं आवाहन होतं आणि पलटणीत संख्या त्यांचीच जास्त. आपल्या आवडत्या हाफबॅकच्या खांद्याला खांदा लावून लढण्याची ही जाहिरात होती, आणि ती शब्दशः खरी ठरली. शेजारच्याने याला गोल चुकल्यावर कधी शिव्या घातल्या असतील, तर तो विषय आता निघत नाही.

साडेसहा

उजाडलं. 'स्टँड डाउन.' दगडी बरणीतून रम येते. सार्जंट चमच्याने मोजून घोटभर देतो आणि समोर उभं राहून प्यायला लावतो, म्हणजे कोणी साठवून ठेवणार नाही. शांततेच्या दिवसांत क्लबचा ट्रेनर खेळाडूच्या दारूवर डोळा ठेवून असायचा. शुक्रवारी रात्री पबमध्ये सापडला की दंड. आता सरकारच सकाळी साडेसहाला पाजतं. ती पोटात उतरली की पाच मिनिटं माणूस माणसासारखा बोलतो.

मग रायफल. नळीतून दोरी ओढायची, दोरीच्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी, वर दोन थेंब तेल. अधिकारी येऊन नळीत डोळा घालून बघतो. यात सांगण्यासारखं काही नाही. रोज होतं, एवढंच.

साडेसात

न्याहारी. बेकनचे तुकडे, पाव असला तर पाव, नाहीतर दगडासारखी बिस्किटं, डब्यातला प्लम-सफरचंदाचा जॅम. चहा पेट्रोलच्या जुन्या डब्यांतून येतो, म्हणून चहाला पेट्रोलचा वास. बऱ्याच ठिकाणी या वेळेपुरता दोन्हीकडचा गोळीबार आपोआप मंदावतो. हुकूम कोणाचाच नसतो, पण समोरच्यालाही खायचं असतं.

इथे जरा वाट सोडून एक सांगावंसं वाटतं. फुटबॉल बटालियन फ्रान्समध्ये उतरत होती, जवळजवळ त्याच सुमारास तिथल्या हिंदी पायदळाच्या डिव्हिजन जहाजांत बसून मेसोपोटेमियाकडे निघाल्या. आदल्या वर्षभर न्यूव्ह शापेल, फेस्टुबेर, लॉस या याच पट्ट्यातल्या चिखलात त्या लढल्या होत्या. आणि या मार्चमध्ये, इकडे पेट्रोलच्या वासाचा चहा चालू असताना, तिकडे तैग्रिसकाठी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन उपाशी मरत होती. त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. वेढा फोडायला निघालेल्या फौजेत फ्रान्सहून आलेले हिंदी शिपाई होते. वेढा फुटला नाही. 29 एप्रिलला कूत पडलं. लंडनच्या लेफ्ट हाफला आणि साताऱ्याच्या शिपायाला एकमेकांचा पत्ता नव्हता, पण दोघांचाही धनी एकच होता.

नऊ

आता पाय. दिवसातलं हेच काम मला सगळ्यांत विलक्षण वाटतं.

खंदकात पाणी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. तळाला लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या टाकलेल्या असतात, त्या चिखलात बुडतात. ओल्या बुटांत दोन-तीन दिवस पाय राहिले की ते बधिर होतात, सुजतात, निळे-काळे पडतात. वेळेत लक्ष दिलं नाही तर सडतात आणि बोटं, कधी अख्खं पाऊल कापावं लागतं. पहिल्या हिवाळ्यात या 'ट्रेंच फूट'ने हजारो माणसं निकामी झाली. त्यावरचा उपाय म्हणजे सुके मोजे आणि देवमाशाचं तेल. तेलाला असा वास की न्याहारी वर यावी. आणि एक युक्ती: आपले पाय आपण चोळायचे नाहीत, कारण थकलेला माणूस स्वतःच्या पायांकडे दुर्लक्ष करतो. जोड्या लावायच्या. मी तुझे चोळायचे, तू माझे.

म्हणून आपला गडी पायरीवर बसतो, पट्ट्या सोडतो, बूट उपसून काढतो. समोर तो सहा पेन्सवाला प्रेक्षक उकिडवा बसून याचं पाऊल मांडीवर घेतो. आधी पुसणं. मग टाचेपासून वर, घोट्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत तेल. पोटरी अजून खेळाडूचीच आहे, दगडासारखी. नडगीवर लाथांचे जुने वण आहेत. त्या काळचे फुटबॉलचे बूट म्हणजे घोट्यावर चढणारं जाड कातडं, पुढे टणक टोपी आणि तळाला खिळ्यांनी ठोकलेले कातड्याचे स्टड. तो बूट नडगीवर बसला की आयुष्यभराची खूण राहते. अधिकारी रांगेने पावलं बघत येतो. पलटणीत ट्रेंच फूटचे रुग्ण वाढले तर अधिकाऱ्यालाच जाब विचारला जातो. त्यामुळे तो गुडघ्यावर बसून, बोटं फाकवून, नीट बघतो.

हे पाय क्लबची मालमत्ता होते, आणि यात अलंकार काही नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हंगाम संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे. क्लबने सोडल्याशिवाय लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नसे, मग क्लब पगार देवो न देवो. विकला गेला तर किंमत क्लबच्या खिशात. पगाराला वरून झाकण: 1901पासून आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड, 1910नंतर जुन्या खेळाडूंना फार तर पाच. सेकंड डिव्हिजनमध्ये सगळ्यांना तेवढेही मिळत नसत. तरी चार पौंड म्हणजे 80 शिलिंग. कारखान्यातल्या कामगाराला हेवा वाटावा असा आकडा.

आणि आता? शिपायाला रोज एक शिलिंग. आठवड्याला सात. लग्न झालेलं असेल तर घरी बायकोला भत्ता मिळतो 12 शिलिंग 6 पेन्स, पण त्यातले साडेतीन शिलिंग याच्याच सातातून कापलेले. हातात उरतात साडेतीन. एवढ्यात सिगारेटी, आणि खंदकाबाहेर आल्यावर एखाद्या फ्रेंच बाईच्या स्वयंपाकघरात अंडी आणि तळलेले बटाटे.

मोजे चढतात. मग याने त्याचे पाय घ्यायचे.

दहा ते दोन

दिवसा पुढच्या खंदकात फारसं हलायचं नाही. डोकं वर दिसलं की समोरचा नेमबाज तयार असतो. थोडी माणसं पेरिस्कोपपाशी पहाऱ्यावर, बाकीच्यांना झोप. झोप म्हणजे भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात पाय पोटाशी घेऊन पडणं. अर्धा तास डोळा लागतो तोच हाक येते: पोती भरा, ढासळलेली भिंत सावरा, पंप मारा. मोकळा वेळ मिळालाच तर शर्ट काढून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची. उवा तडतडतात. शर्ट जळू न देता हे करणं ही कला आहे, आणि अंडी तरीही उरतातच.

दहा वाजता, दोन वर्षांपूर्वी, तो सरावाला जायचा. त्या सरावाबद्दल आज ऐकलं तर कोणालाही नवल वाटेल. लांबच लांब चालणं, मैदानाभोवती धावणं, दोरीवरच्या उड्या, मुद्गल, मग गरम पाण्याची अंघोळ आणि मालिश. चेंडू फारसा नाहीच. आठवडाभर चेंडूपासून लांब ठेवलं की शनिवारी खेळाडू चेंडूवर उपाशासारखा तुटून पडतो, असं ट्रेनर लोकांना मनापासून वाटायचं. आठवडाभर पायपीट आणि हुकूम, मग शनिवारी दीड तास खेळ. त्यामुळे सैन्यातल्या कवायतीने फुटबॉलवाल्यांना फार त्रास झाला नाही, यात आश्चर्य नाही. लंडनच्या व्हाइट सिटीत, मग सरेमधल्या होम्बरी सेंट मेरीच्या छावणीत, मग क्लिपस्टोनला, ही माणसं कूच करण्यात इतरांच्या पुढे असत. दुसऱ्याच्या शिट्टीवर चालण्याची त्यांना सवय होती.

दुपारी अडीच

या वेळेला खंदकात काहीच घडत नाही, पण शनिवार असेल तर इंग्लंडमध्ये सामना सुरू व्हायची वेळ झालेली असते. म्हणून इथे थोडं थांबतो.

1914च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि फुटबॉल असोसिएशनने हंगाम चालू ठेवायचं ठरवलं. तेव्हापासून शिव्या सुरू झाल्या. क्रिकेट थांबलं, रग्बीवाले भरती झाले, आणि हे पगारी लोक चेंडू लाथाडत बसलेत! वर्तमानपत्रांत पत्रं आली. 'पंच' साप्ताहिकाने ऑक्टोबरात व्यंगचित्र छापलं, त्यात साप्ताहिकाचे 'मिस्टर पंच' खेळाडूला सांगतात की पैसा इथे मिळेल, पण मान मिळवायचं मैदान आज एकच आहे. टीका करणाऱ्यांपैकी बरेच जण हे विसरत, की रग्बी खेळणारा वकील हौशी होता. त्याला कोणी करारात बांधलेलं नव्हतं. सेकंड डिव्हिजनचा लेफ्ट हाफ करारातून उठून गेला असता तर क्लबने त्याच्यावर दावा लावला असता. फुलहॅमच्या सभेनंतर तडजोड झाली ती अशी: भरती व्हा, कवायत करा, पण हंगाम संपेपर्यंत शनिवारी सुट्टी घेऊन क्लबसाठी खेळा. म्हणजे आठवडाभर शिपाई, शनिवारी खेळाडू. दोन धन्यांची चाकरी, आणि तरीही स्टँडमधून 'पळपुटे' ऐकायचं.

24 एप्रिल 1915ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपाची फायनल झाली. शेफील्ड युनायटेडने चेल्सीला 3-0 हरवलं. प्रेक्षकांत इतके गणवेश होते की त्या सामन्याला 'खाकी फायनल' हेच नाव पडलं. त्याच दुपारी होमर्टनच्या मिलफील्ड्स रोडवर क्लॅप्टन ओरिएंटचा शेवटचा सामना होता, लेस्टर फॉसविरुद्ध. वीसेक हजार लोक आले. ओरिएंटने 2-0 जिंकलं आणि मग खेळाडू खाकी चढवून मैदानावर संचलन करत निघाले. त्या हंगामात रिचर्ड मॅक्फॅडनने क्लबसाठी 21 गोल केले होते. पुढची चार वर्षं लीगच बंद.

फुटबॉल आणि ते युद्ध म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, 1914च्या नाताळातली समेट आणि दोन खंदकांमधल्या जमिनीवर खेळलेला चेंडू. दुसरी, 1 जुलै 1916ची: ईस्ट सरे पलटणीच्या कॅप्टन नेव्हिलने आपल्या माणसांना फुटबॉल दिले आणि ते लाथाडत हल्ल्याला निघाले; नेव्हिल तिथेच पडला. दोन्ही गोष्टी शाळेच्या पुस्तकांत शोभतात. पण त्यांत पगारी खेळाडूंची ही पलटण कुठेच नाही. नाताळची समेट झाली तेव्हा ती जेमतेम दहा दिवसांची होती आणि इंग्लंडमध्ये होती. आणि हल्ल्यात चेंडू न्यायचं तिच्या कोणा अधिकाऱ्याला सुचलं असेल असं मला वाटत नाही. ज्याने चेंडूवर पोट भरलंय त्याला चेंडूचं एवढं कौतुक नसतं. नेव्हिलला माणसांची भीती घालवायला खेळ हवा होता. ओरिएंटच्या गड्याला खेळ म्हणजे काम आणि युद्ध म्हणजेही काम, पहिल्याच्या सुमारे अकराव्या हिश्शाइतक्या मजुरीचं.

चार

टपाल. सैन्यातल्या खालच्या माणसांसाठी सरकारने जे काही चांगलं चालवलं त्यात टपाल पहिलं. लंडनहून दोन-तीन दिवसांत पत्र, आईने पाठवलेला केक, वर्तमानपत्र. उत्तर लिहायचं तर आपलाच अधिकारी ते वाचून नको ते खोडणार. घाई असेल तर छापील कार्ड: 'मी बरा आहे', 'मी इस्पितळात आहे' अशी वाक्यं, नको ती खोडायची. स्वतःचा एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकतात.

ओरिएंटचा विल्यम जोनस हा देखणा फॉरवर्ड, नॉर्थम्बरलंडमधल्या ब्लाइथचा. क्लबच्या आठवणींत असं सांगतात की त्याला आठवड्याला पन्नासावर पत्रं यायची, बहुतेक मुलींची. शेवटी त्याने सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापवून घेतलं, की बायांनो, माझं लग्न झालंय आणि मी सुखी आहे. बायकोचं नाव मेरी जेन. मॅक्फॅडन जन्माने स्कॉटिश, पण वाढला त्याच ब्लाइथमध्ये. दोघे जुने दोस्त, एकाच क्लबात, एकाच पलटणीत.

मार्चमधल्या या दिवसापुढे साडेचार महिने. 27 जुलै, सोमच्या आघाडीवरचं डेलव्हिल वूड. नावाला जंगल, उभं झाड क्वचितच. जोनस आणि मॅक्फॅडन एका खंदकात अडकले होते, बाहेर भडिमार. जोनसने मित्राचा निरोप घेतला, मेरी जेनला प्रेम आणि ओरिएंटच्या पोरांना नमस्कार सांगायला सांगितलं आणि उडी मारून वर गेला. मॅक्फॅडनने तोंड उघडायच्या आत तो पडला होता. हे आपल्याला ठाऊक आहे ते मॅक्फॅडनने क्लबला लिहून कळवलं म्हणून. सव्वीस वर्षांच्या जोनसची कबर सापडलेली नाही. थिएपव्हालच्या स्मारकावर 72 हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत त्याचं एक. ऑगस्टमध्ये जॉर्ज स्कॉट, तोही ओरिएंटचा, जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला आणि त्यांच्या इस्पितळात वारला. मॅक्फॅडन कंपनी सार्जंट मेजर झाला, त्याला मिलिटरी मेडल मिळालं. ऑक्टोबरात तोफगोळ्याने जखमी झाला आणि 23 तारखेला वारला. हा माणूस युद्धाआधीच लंडनमध्ये नावाजलेला होता, आणि ते गोलांमुळे नव्हे. जळत्या इमारतीतून एकाला आणि ली नदीत बुडणाऱ्या पोराला त्याने वाचवलं होतं.

30 एप्रिल 1921च्या शनिवारी प्रिन्स ऑफ वेल्स मिलफील्ड्स रोडवर सामना बघायला आला, क्लबचे आभार मानायला. सेकंड डिव्हिजनच्या मैदानावर राजपुत्र! ओरिएंटने नॉट्स काउंटीला 3-0 हरवलं. सोमजवळच्या फ्लेर गावात त्या खेळाडूंचं स्मारक उभं राहिलं ते मात्र 2011मध्ये, क्लबच्या चाहत्यांनी वर्गणी काढून.

पण आज मार्च आहे, सगळे जिवंत आहेत, आणि केकचे आठ वाटे करायचेत.

संध्याकाळी सहा

पुन्हा स्टँड-टू. पुन्हा संगीन, पुन्हा कोणी येत नाही.

आठ

खरा कामाचा दिवस आता सुरू होतो. अंधार पडला की खंदक जागा होतो. मागून शिधा आणायचा, पाणी आणायचं, पोती आणि लाकूड आणायचं, वाकड्यातिकड्या चरांतून, पाठीवर ओझं घेऊन, पुढच्याच्या पाठीला हात लावत. कोणाची तरी गोण भिंतीला अडकते, मागची रांग थांबते, कुजबुजत शिव्या.

आज आपल्या गड्याची पाळी तारांच्या टोळीत. भिंत चढून बाहेर जायचं आणि काटेरी तारा दुरुस्त करायच्या. पूर्वी खुंट मोगरीने ठोकत, त्याचा आवाज समोरपर्यंत जायचा. आता लोखंडी खुंट येतात, बुचाच्या स्क्रूसारखे पिळाचे. जमिनीत फिरवत बसवायचे, आवाज नाही. तारेचं भेंडोळं दोघांनी काठीवर धरायचं, तिसऱ्याने ओढायचं. हातमोजे असले तरी तळवे फाटतात. मध्येच जर्मन प्रकाशगोळा वर चढतो आणि सगळं पांढरं होतं. तेव्हा धावायचं नाही, झोपायचं नाही. आहे त्या स्थितीत खांबासारखं उभं राहायचं. हालचाल दिसते, आकार दिसत नाही. आयुष्यभर चेंडू आला की हलायला शिकलेल्या पायांना ही शिकवण उलटी आहे.

या पलटणीतला एक माणूस रात्रीच्या अशा कामात पुढे फार नाव काढणार होता. वॉल्टर टल. जन्म फोकस्टोनचा, बाप बार्बेडोसहून आलेला सुतार, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आईबाप गेल्यावर लंडनच्या अनाथालयात वाढला, टॉटनहॅमकडून फर्स्ट डिव्हिजन खेळला, तिथे 1909मध्ये ब्रिस्टलच्या प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून इतकं घाण ओरडून घेतलं की वर्तमानपत्रांनाही लिहावं लागलं. मग नॉर्थॅम्प्टन टाउन: सदर्न लीग, म्हणजे फुटबॉल लीगच्या बाहेरची पायरी. तिथे तो शंभरावर सामने खेळला. डिसेंबर 1914मध्ये फुटबॉल बटालियनमध्ये शिपाई. काळ्या माणसाला गोऱ्या शिपायांवर अधिकारी नेमण्याच्या आड तेव्हाचे लष्करी नियम येत होते. तरी मे 1917मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाला. 1918च्या जानेवारीत इटलीत पियावे नदी ओलांडून त्याने 26 माणसं रात्री पलीकडे नेली आणि सगळीच्या सगळी परत आणली. जनरलने लेखी शाबासकी दिली. 25 मार्च 1918ला फ्रान्समध्ये तो पडला. लेस्टरचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅम त्याचा देह उचलून आणायचा प्रयत्न करत होता, पण जर्मन फार जवळ होते. देह मिळाला नाही.

एक

तारांचं काम आटोपलं, आता पहारा. दोन तास. खड्या पहाऱ्यावर झोपलेल्याला लष्करी कायद्यात मृत्युदंड आहे आणि तो परेडवर वाचून दाखवलेला आहे. झोपेच्या गुन्ह्यासाठी त्या युद्धात ब्रिटिशांनी प्रत्यक्ष गोळी घातली ती दोघांनाच, तीही पुढे मेसोपोटेमियात. पण दोन रात्री न झोपलेल्या पहारेकऱ्याला ही आकडेवारी कोण सांगणार? डोळे मिटू लागले की तो हनुवटीखाली बोट धरतो, गालाच्या आतून चावतो. तारेचे खुंट बघता बघता माणसांसारखे चालायला लागतात. प्रत्येक नव्या पहारेकऱ्याने एकदा तरी खुंटावर गोळी झाडलेली असते.

तीन

पाळी बदलली. आज मात्र चौथी रात्र, म्हणजे अख्खी पलटणच बदलायची आहे. नवी माणसं अंधारात येतात, आपल्या जागा, आपले पंप, आपली कुरकुर ताब्यात घेतात. मग मागच्या गावापर्यंत सहा-सात मैल चालणं, जुन्या पडक्या धान्याच्या कोठारात पेंढ्यावर अंग टाकणं. उद्या दारूभट्टीच्या मोठाल्या पिंपांत अंघोळ, धुतलेला शर्ट, आणि दुपारी फुटबॉल.

विश्रांतीच्या गावात प्रत्येक पलटणीला, प्रत्येक तोफखान्याला सामने हवेच असतात. अधिकाऱ्यांची पैज असते, डिव्हिजनचा करंडक असतो. आणि समोर एवढे पगारी खेळाडू फुकटात बघायला मिळणार म्हटल्यावर आजूबाजूच्या छावण्यांतून गर्दी लोटते. फ्रँक बकली हा पलटणीतला पहिला भरती झालेला खेळाडू, आता अधिकारी. सोमवर छातीत गोळ्याचा तुकडा घेऊनही तो वाचला आणि पुढे वुल्व्हरहॅम्प्टनचा नामांकित मॅनेजर झाला. त्याच्या पलटणीने आपल्या डिव्हिजनमध्ये हरणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. बाकीच्या शिपायांना सामन्याच्या दिवशी सुट्टी. पेंढ्यावर पडावं, अंडी-बटाटे खावेत, मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडावं. सहा पेन्सवाला तेच करणार आहे, आणि या वेळी सहा पेन्सही न देता.

कोठाराच्या दाराशी यादी लावली आहे: उद्या अडीच वाजता, तोफखान्याविरुद्ध. आपल्या गड्याचं नाव लेफ्ट हाफच्या जागी आहे. त्याला विचारलेलं नाही.